अनपेक्षित खेळी

नागपूरहून दक्षिणेस जाणारा हमरस्ता वर्धा जिल्ह्यातील जाम या गावी दुभंगतो. एक वाट हिंगणघाटावरून हैदराबादकडे जाते, दुसरी वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. बुद्धिबळाच्या डावात तर प्रत्येक खेळीला असे जाम लागते, आणि तेथे वाटाही दोनच नसतात. दोन्ही पक्षांच्या पहिल्या तीन-तीन खेळ्याच सुमारे ११ कोटी ९० लाख प्रकारे होऊ शकतात. तरीही डावाचा आरंभ घोकला म्हणजे निम्मी लढाई जिंकली, अशी पुष्कळ मुलांची समजूत असते.

ही समजूत कशी ढासळते ते पाहा. दोघेही राजापुढील प्यादे दोन घरे सरकवतात. पांढऱ्याचा राजाकडील घोडा निघतो, काळ्याचा वजिराकडील. मग पांढरा राजाकडील उंट पुढे काढतो. येथवर सारे पुस्तकातले. इतक्यात काळा तोच घोडा पुन्हा उचलून पांढऱ्या घोड्याच्या माऱ्यातच नेऊन ठेवतो! शिवाय त्याचे राजापुढील प्यादे उघडे पडते. उतावळा खेळाडू ते फुकटचे प्यादे टिपतो. तत्क्षणी काळा वजीर बाहेर पडून त्या घोड्यावर आणि पांढऱ्या राजाच्या बाजूच्या एका प्याद्यावर एकदम रोख धरतो. पांढऱ्याची हाव तरीही सुटत नाही. वजीर व हत्ती या दोहोंच्या लोभाने त्याचा घोडा आणखी आत घुसतो. सातव्या खेळीस त्याचा राजा स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडला जाऊन मात होते.

भित्र्याचे याहून निराळे. खेळी अनोळखी, म्हणून ती जबरदस्तच असणार, असे धरून तो मागे सरतो.

घड्याळ चालू असता विचार करावा कसा, असे कोणी म्हणेल. २०२५ साली जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पी यांचे दोन्ही संथ डाव बरोबरीत सुटले. दिव्या जिंकली ती जलद डावांत, जेथे वेळ थोडा असतो. पण पटापुढे बसून विचार तेथेही करावाच लागतो.

वरच्या डावात तर अर्धे मिनिट पुरे. हा घोडा येथे का आला? येताना त्याने काय सोडले? आपण प्यादे घेतले, तर काळा वजीर कोठे येईल? एवढे विचारले की कळते, एकच घोडा दोनदा हलवून काळ्यानेच वेळ दवडला आहे. पांढऱ्याने प्याद्याकडे न पाहता घोड्याने घोडा मारावा, काळ्याच्या प्याद्याला तो परत मारू द्यावा आणि स्वस्थपणे किल्लेकोट करावा. मग पांढऱ्याचा उंट बाहेर, राजा सुरक्षित. आणि काळ्याचे एक प्यादे तेवढे पुढे आलेले, बाकीची सारी मोहरी अजून आपापल्या घरी.