घराबाहेरचा संसार : कोरड्या गावाची ओली सहल

लक्ष्मीपूजनाच्या लाह्या-बत्तासे अजून डब्यात आहेत, आणि ही बाई उन्हाळ्याच्या सुट्टीच्या गोष्टी काय काढते, असे तुम्हांला वाटेल. पण त्याला कारण आहे. ह्या सहलीला लागणारी सगळ्यांत महत्त्वाची वस्तू मेमध्ये धावपळ करून नीट मिळत नाही. ती आपल्याच जिल्ह्यात, पंढरपूरला, येत्या कार्तिकीच्या बाजारात मिळते, आणि कार्तिकी एकादशी दिवाळीच्या अमावास्येनंतर अवघ्या अकरा दिवसांवर असते. म्हणून आताच लिहिते.

आमच्या आळीतल्या तीन घरांनी मिळून मेच्या अखेरीस आंबोलीला जायचे ठरवले आहे. तेही हॉटेलात नव्हे, तंबू ठोकून. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आजरा अशी वाट. सोलापुरात त्या दिवसांत बेचाळीस-त्रेचाळीस अंशांची काहिली असते आणि मुलांना 'पाऊस दाखवायचा' आहे. टाक्या, पिंपे नि कळश्या भरून ठेवण्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना आकाशातून फुकट पडणारे इतके पाणी बघू द्यावे, ही इच्छा कोणत्या आईला होणार नाही? आपल्याकडे वर्षाकाठी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही पडला तर. आंबोलीत तो सात हजारांच्या घरात जातो. म्हणजे आपला बारा वर्षांचा पाऊस तिथे एका हंगामात!

परवा तयारीच्या बैठकीत शेजारच्या काकूंनी यादी वाचून दाखवली : सोलापुरी चादरी सहा, टॉवेल आठ, कडक भाकरी पन्नास, शेंगाचटणी दोन किलो, टोप्या, गॉगल, कांदे.

"काकू, ही यादी तुळजापूरच्या उन्हात चालायची आहे," मी म्हटले. "आंबोलीत ह्यातले निम्मे सामान पहिल्या रात्रीच आपल्यावर उलटेल."

"अगं, सोलापूरची चादर कुठं उलटते का?" काकूंना राग आला. गावाच्या अभिमानालाच हात घातला होता ना मी!

पण खरे ते खरे. आपली चादर सुताची. सूत पाणी पिते आणि मग सोडायला तयार नसते. कोरड्या हवेत ह्या चादरीसारखे सुख नाही, पण जिथे हवाच ओली, तिथे रात्रीतून ती दमट होते नि अंगाची ऊब उलट ओढून घेते. जाड टॉवेलांचे तेच. तीन दिवसांत एकही वाळणार नाही आणि चौथ्या दिवशी सगळ्या सामानाला कुबट वास येईल. त्यापेक्षा जुन्या मऊ धोतराचे किंवा पंचाचे तुकडे न्या. पिळले की झाले.

कडक भाकरीची गत आणखी करुण. आपल्या हवेत ती आठवडेच्या आठवडे कडकडीत राहते. तिथे डबा एकदा उघडा राहिला की संध्याकाळपर्यंत चामड्यासारखी सादळते. न्यायचीच असेल (आणि न्यावीच!) तर रोजच्या रोज वेगळी पुरचुंडी प्लॅस्टिकमध्ये बांधून, घट्ट झाकणाच्या डब्यात. सादळलीच तर तव्यावर शेकून पुन्हा ताठ होते. शेंगाचटणी मात्र दोन किलो नको, तिला ओलसर हवेत बुरशी धरते. मिठाचे पाणी होते, काड्यापेटी ओढून ओढून गुळगुळीत होते. मिठात थोडे भाजलेले तांदूळ घाला, आणि काड्यापेट्या झाकणाच्या बाटलीत ठेवा.

आता ती पंढरपूरची वस्तू. अर्थात घोंगडी! दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली, अंगाला थोडी टोचणारी. आपल्या पोरांनी ती कीर्तनात नि धनगराच्या खांद्यावरच पाहिली आहे. पण लोकरीचा गुण असा की, आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा पोटात घेऊनही ती हाताला ओली लागत नाही, आणि भिजली तरी ऊब देते. सारा पावसाळा माळावर काढणाऱ्या धनगराने ती उगाच नाही खांद्यावर टाकली. घेताना कडेचा एक धागा मागून घ्या आणि काडीने जाळून पाहा. केस जळल्याचा वास आला तर लोकर. वितळून गोळी झाली तर नाव घोंगडी नि जात कारखान्याची. दिवाळीनंतर घेतली की थंडीभर वापरून तिची खळ जाते, टोचणे कमी होते, मेपर्यंत ती अंगवळणी पडते. आता कळले ना, मी एवढ्या घाईने का लिहिते ते?

दुसरी तयारी चिलटांची. डास आपल्याला ठाऊक आहेत, पण रानातले चिलट हे निराळे प्रकरण आहे. डोळ्यांपुढे गुणगुण करणारी घुंगुरटी त्रास देतात, पण चावत नाहीत. चावणारी त्याहून बारीक, जेमतेम एक ते तीन मिलिमीटर. ओला चिखल, शेण, कुजका पाला ही त्यांची घरे, आणि पहाट नि तिन्हीसांजा ही त्यांची जेवणाची वेळ. चावा दिसत नाही, खाज मात्र चार दिवस पुरते. स्कॉटलंडच्या डोंगरात त्यांचे थवे इतके असतात की तिथले तंबूवाले तोंडावर जाळीची टोपी घालून चहा पितात म्हणे. तिथल्या लोकांनी एक गोष्ट मात्र पक्की ओळखली आहे : चिलट हे उडायला अगदी दुबळे. ताशी दहा-अकरा किलोमीटरचा वारा सुटला की त्याला उडताच येत नाही. तेव्हा तंबूची जागा निवडताना ओढ्याकाठची, झाडीतली, 'चित्रातल्यासारखी' जागा सोडा. वारा लागेल अशा उंचवट्यावर, किंचित उतारावर उतरा. झाडाखाली तर नकोच. मेमधला वळीव विजांसह येतो. ताडपत्री तंबूखाली घालताना तिच्या कडा आत दुमडा, बाहेर राहिल्या तर त्या पाणी गोळा करून थेट तुमच्या अंथरुणाखाली आणतात.

मच्छरदाणीचे काय? नेहमीची मच्छरदाणी चिलटाला दरवाजासारखी. गिरण्यांच्या गावच्या बायकांना विणीचे शिकवायला नको, पण दुकानात परीक्षा कशी करावी ते सांगते. चिमूटभर खसखस जाळीवर टाकून हलवा. खसखस गळली तर चिलटही येईल. अंगात पूर्ण बाह्यांचे फिक्या रंगाचे कपडे, उघड्या अंगाला ओडोमॉससारखे मलम. लहानांच्या हातांना ते लावू नका, हात तोंडात जातात. कडुनिंबाच्या पाल्याची धुरी बाहेर खुशाल करा, तंबूत मात्र नको. तंबू पेटायला क्षण लागतो, आणि बंद तंबूत निखारे ठेवून झोपणे म्हणजे तर जिवाशी खेळ.

काकूंनी फवारणीचा मोठा डबा यादीत घातला होता, तो मी खोडला. आंबोलीच्या परिसरातच सापडणारा एक छोटा भेक आहे, आंबोली टोड नावाचा. हिरण्यकेशीच्या उगमात एक इवलासा मासा २०२० साली जगाला नव्याने कळला, आणि २०२१ मध्ये सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. आपण ज्या किड्यांवर चिडतो, त्यांवर तिथले बेडूक जगतात. पाहुण्याने यजमानाच्या ताटात विष कालवू नये, एवढे तर आपल्याला कळते. तंबूही वाटेल तिथे ठोकता येत नाही. राखीव वनात वनखात्याची परवानगी लागते. कुणाच्या खाजगी आवारात रीतसर विचारून उतरणे बरे. अंगणातली न्हाणी मिळते, ते निराळेच.

पाऊस लागण्यापूर्वी गोचीड आणि पाऊस लागल्यावर जळू, असा त्या रानाचा क्रम आहे. आणि कोणता क्रम आपल्या वाट्याला येईल हे पंचांग पाहून सांगता येत नाही. २०२५ साली मोसमी पाऊस २५ मेलाच तळकोकणात उतरला होता. म्हणून दोन्हींची तयारी हवी.

जळवेला मुले भितात, पण ती सोंगाचीच भीती आहे. तंबाखूच्या पाण्यात बुडवून वाळवलेले मोजे घाला. विडीच्या गावात तंबाखूला काय तोटा! चिकटलीच तर मीठ किंवा काडीचा चटका नको. ती पोटातले जखमेत ओकते. नख तिच्या तोंडाखाली सरकवले की सुटते. नंतर रक्त बराच वेळ वाहते, कारण रक्त गोठू न देणारे द्रव्य ती सोडते. धुऊन दाबून धरा, घाबरू नका.

गोचिडीचे तसे नाही. तिथे खरोखरच सावध असावे. क्यासनूरचा ताप, ज्याला आपण माकडताप म्हणतो, तो १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्याच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. २०१६ मध्ये आंबोलीच्या दक्षिणेच्या दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. गोचिडीमार्फत तो माणसाला होतो, आणि त्याचा जोर जानेवारीपासून मेपर्यंत, म्हणजे नेमका सुट्टीच्या तोंडापर्यंत असतो. निघण्यापूर्वी त्या बाजूला यंदा ताप आहे का, याची सरकारी दवाखान्यात चौकशी करा. असला तर बेत खुशाल बदला. महाबळेश्वर कुठे पळून जात नाही. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता गावात कळवा. पाल्यावर बसू नका, विजार मोज्यांत खोचा. रोज संध्याकाळी मुलांचे अंग तपासा : कानामागे, काखेत, कमरेच्या नाडीखाली. गोचीड दिसली तर रॉकेल, तेल काही न लावता चिमट्याने तिला कातडीलगत धरून सरळ ओढा.

परत आल्यावर तंबू ओला गुंडाळून माळ्यावर टाकू नका. गच्चीवर पसरला की आपले सोलापूरचे ऊन तासाभरात त्याचा कुबटपणा घालवते. घोंगडी मात्र सावलीत वाळवा. आणि पंधरा दिवसांच्या आत घरात कुणाला एकाएकी ताप भरला, डोके नि अंग ठणकू लागले, तर 'उन्हाचा असेल' म्हणून कांद्याचा रस चोळत बसू नका. डॉक्टरांकडे जा आणि त्यांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगा, की आम्ही आंबोलीच्या रानात तंबूत राहून आलो. सोलापूरच्या डॉक्टरांच्या मनात गोचीड आपोआप येणार नाही.

काकूंनी यादी नव्याने लिहायला घेतली आहे. चादरी सहाच्या दोन झाल्या. "एक तरी नेऊ दे गं, गाडीत पांघरायला," म्हणतात. गाडीत चालेल.