आधी भाडे, मग माणूस?

ब्रिटनमधील ‘सदर्न क्रॉस’ ही सर्वांत मोठी वृद्धाश्रम-कंपनी २०११ साली कोसळली, तेव्हा सुमारे ३१,००० वृद्धांचा निवारा टांगणीला लागला. इमारती विकून त्याच भाड्याने घेतलेल्या. भाडे करारानुसार दरवर्षी वाढणारे. डागडुजी, सेविकांचे वेतन व प्रशिक्षण मात्र चालकाच्या माथी. स्थानिक संस्थांनी हात आखडताच हिशेब फसला. भाडे करारबद्ध, म्हणून कात्री चालली श्रमिकांवर: ३,००० नोकऱ्या कमी करण्याची घोषणा झाली. फ्रँचायझीने चालणाऱ्या आश्रमांत भाड्यात नावाच्या स्वामित्वशुल्काची भर पडते, एवढाच फरक. देखभाल व प्रशिक्षण हा उत्पन्नावरील पहिला बोजा कायद्यानेच ठरविला पाहिजे. भाडे व शुल्क त्यानंतर. अन्यथा गळक्या छपराची किंमत भागधारक नव्हे, अंथरुणाला खिळलेला वृद्धच मोजत राहील.