तारा फुटत नाही

गेल्या अंकातील एका पत्रात क्ष-किरणांच्या स्फोटाला ‘न्यूट्रॉन ताऱ्याचा अंत’ म्हटले आहे. ते चूक आहे. अंत झाला असता, तर तोच तारा काही तासांनी पुन्हा कसा भडकला असता?

जोडीदार ताऱ्याकडून ओढलेला हायड्रोजन-हेलियम न्यूट्रॉन ताऱ्याच्या पृष्ठभागावर साचत जातो. थर जेमतेम काही मीटरचा, पण प्रचंड गुरुत्वाकर्षणाने दाबलेला. तळाशी तापमान वाढले की अणुसंमीलन आवरत नाही, दूध उतू जावे तसे. क्ष-किरणांच्या आलेखावर रेषा सेकंदभरात उभी चढते आणि पुढच्या दहा-वीस सेकंदांत उतरते. तेवढ्यात सूर्याची दोन-तीन दिवसांची ऊर्जा बाहेर पडते! खालचा तारा मात्र जागच्या जागी असतो.

१९७५मध्ये खगोलशास्त्रज्ञ ग्रिंडले आणि हाइसे यांना ‘एएनएस’ उपग्रहाच्या नोंदींत असे स्फोट सापडले, ते धनू राशीतल्या एनजीसी ६६२४ या तारकागुच्छातले. तो स्रोत आजही भडकतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेले ‘लॅक्सपीसी’ हे क्ष-किरण उपकरण ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहावरून २०१५मध्ये अवकाशात गेले. त्यानेही असे स्फोट टिपले आहेत. कृपया पुढील अंकात दुरुस्ती छापावी.

– एक वाचक