वीज आहे, वाट नाही

राजस्थानातील सौर प्रकल्पांना भर दुपारी उत्पादन कमी करायला लावायचे आणि त्याच वेळी नव्या प्रकल्पांच्या निविदा काढायच्या, हे नियोजन आम्हाला मान्य नाही. बिगर-जीवाश्म स्रोतांनी २०२५ मध्ये देशाच्या स्थापित क्षमतेचा निम्मा वाटा गाठला, २०३०च्या मुदतीआधी पाच वर्षे. प्रत्यक्षात वापरली जाणारी बहुतांश वीज मात्र अजून कोळशाचीच आहे.

सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो. त्याची वीज वाहून नेणारी उच्चदाब वाहिनी मात्र मागे रेंगाळते. कोळशाचे संच क्षमतेच्या ५५ टक्क्यांखाली सहसा उतरवता येत नाहीत आणि सूर्यास्तानंतर तेच लागतात, म्हणून बंदही ठेवता येत नाहीत. परिणामी दुपारी वीज नको, संध्याकाळी पुरत नाही! नाकारलेल्या युनिटचा तोटा गुंतवणूकदार पुढच्या निविदेत दर वाढवून वसूल करणार, आणि तो अखेर ग्राहकाच्या बिलात उतरणार. स्वस्त सौरविजेचा लाभ असा हातचा जाईल.

सौर निविदांत किमान दोन तासांच्या साठवणुकीची अट घालावी, असे केंद्रीय वीज प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सुचवले होते. केंद्राने ती सक्तीची करावी. आणि वाहिनी तयार होण्याची तारीख निश्चित नसेल तेथे नवा करार करू नये.