भटक्यांची गाडी आणि सरकारचा ‘कायमचा पत्ता’

मोटार वाहन कायदा, १९८८ याचे चाळिसावे कलम वरवर वाचणाऱ्यास अगदी निरुपद्रवी वाटेल. वाहनाची नोंदणी कोठे करावी एवढेच ते सांगते. मालकाचे निवासस्थान किंवा व्यवसायाचे ठिकाण जेथे असेल आणि वाहन जेथे सर्वसाधारणपणे ठेवले जात असेल, तेथील नोंदणी अधिकाऱ्याकडे अर्ज करावा, असा त्याचा आशय. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यातील कोणत्याही नोंदणी कार्यालयात जाण्याची मुभा दिली. पण मुळातले गृहीतक हलले नाही. ते असे की, प्रत्येक माणसाला घर असते, घराला क्रमांक असतो आणि गाडी रात्री त्या घरापुढे उभी राहते. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात ज्यांचे घर म्हणजे पाल आणि अंगण म्हणजे गावाबाहेरचे गायरान, अशी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या फिरत आहेत. त्यांच्या गाडीला या कलमात जागा नाही. जागा नाही म्हणून कायद्याला मात्र दंड होत नाही. तो गाडीवाल्याला होतो.

पाथर्डी तालुक्यातील मढी ही भटक्यांची पंढरी. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तेथे कानिफनाथांची यात्रा भरते आणि रंगपंचमी हा तिचा मुख्य दिवस. कैकाडी, गोपाळ, वैदू, घिसाडी, बेलदार, वडार, कोल्हाटी असे अठरापगड लोक येथे वर्षातून एकदा भेटत आले. सोयरिकी येथे जुळल्या, जातपंचायतींचे निवाडे, बहुधा जाचकच, येथे झाले, आणि येथेच गाढवांचा मोठा बाजार भरत आला. गाढवाच्या खरेदीविक्रीला कोणी कायमचा पत्ता विचारला नाही. देणाराघेणारा समोरासमोर, चार माणसे साक्षीला, झाला व्यवहार.

ते गाढव आता संपत चालले आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशभरात सुमारे ३ लाख २० हजार गाढवे होती. २०१९ मध्ये ती १ लाख २० हजारांवर आली. रस्ते डांबरी झाले, चराईची राने बंद झाली, मजुरीचे ठिकाण शंभर मैलांवर गेले. बिऱ्हाड मग जुन्या मोटारसायकलीवर, तीनचाकी टेम्पोवर, ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान मालगाडीवर चढले. घिसाड्याची ऐरण आणि भाता, वैद्याची डबे ठोकण्याची हत्यारे, डोंबाऱ्याचा दोर आणि बांबू, पारनेर-संगमनेरकडच्या मेंढपाळाची कोकरे आता चाकांवरून जातात. यात नवल काही नाही. साधन बदलले, फिरणे तेच राहिले. नवल एवढेच की, जनावर बाळगणारा भटका सरकारच्या दृष्टीने गरीब होता आणि गाडी बाळगणारा भटका संशयित ठरला आहे.

अशी गाडी शोरूममधून येत नाही. ती तिसऱ्या किंवा चौथ्या हाताची असते. पहिल्या मालकाने हस्तांतराच्या २९ आणि ३० क्रमांकाच्या कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून दिलेल्या असतात, ते फॉर्म आर. सी. बुकाबरोबर हातोहात फिरतात आणि पालापर्यंत पोहोचेस्तोवर त्यांच्या घड्या फाटलेल्या असतात. कायद्याने घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतर कळवून गाडी नावावर करून घेतली पाहिजे. नावावर करायची तर पत्त्याचा पुरावा हवा. पत्त्याच्या पुराव्यासाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठ हवा, निदान रेशनकार्ड तरी हवे. गायरानातल्या पालाची घरपट्टी आकारलीच जात नाही, तर उतारा कोठून यायचा? अनेकांपाशी आधारकार्ड आहे हे खरे. पण त्यावरचा पत्ता नोंदणीच्या दिवशी पाल जेथे होते त्या गावाचा, आणि ते गाव त्यांना आपले म्हणायला तयार नाही. एजंट पैसे घेतो आणि ‘होऊन जाईल’ म्हणतो. होत काहीच नाही. पुढे एकोणपन्नासाव्या कलमाची गंमत आहे. पत्ता बदलल्यास तीस दिवसांच्या आत कळवावे, असे ते फर्मावते. जे कुटुंब पंधरा दिवसांत मुक्काम हलवते, ते या कलमानुसार जन्मभर गुन्हेगारच राहणार.

कागद पहिल्या मालकाच्या नावावर राहिल्याने तोही सुटत नाही. अपघात झाला तर ज्याचे नाव नोंदवहीत तोच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केले. दंडाचे ई-चलन त्याच्याच मोबाइलवर जाते. आता १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरप्लेटची सक्ती आली आहे. तीही नोंदवहीतल्या नावाभोवतीच फिरते. नगरच्या शाळामास्तराने दहा वर्षांपूर्वी विकलेली मोटारसायकल कर्जतच्या माळावर कोणाच्या पालापुढे उभी आहे, हे त्या मास्तरांना ठाऊक नसते. भोगावे मात्र दोघांनाही लागते.

भोगण्यातही फरक आहे. गाडीचे कागद विसरलेल्या डॉक्टरला पोलीस दंडाची पावती देतो. श्रीगोंदे किंवा जामखेडच्या रस्त्यावर पारध्याच्या गाडीचे कागद त्याच्या नावाचे नसले, तर प्रश्न दंडाचा राहत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ याचे १२४ वे कलम हाताशी असते: जवळच्या मालाचा समाधानकारक खुलासा करता न आल्यास तो गुन्हा. कायद्यात समाधान दंडाधिकाऱ्याचे, रस्त्यावर मात्र अंमलदाराचे. ज्याच्या आजोबाला जन्मतःच चोर ठरवले गेले, त्याच्या खुलाशाने अंमलदाराचे समाधान व्हावे तरी कसे?

येथे थोडा इतिहास आठवणे भाग आहे. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याखाली जाहीर झालेल्या जमातींच्या माणसांची नावे रजिस्टरात चढत, हजेरी घेतली जाई, नेमून दिलेल्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचे तर परवाना लागे. सोलापूरची तारेच्या कुंपणातली वसाहत ही त्याच व्यवस्थेचे फळ. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. तेव्हा फिरतो म्हणून माणसाची नोंद होत होती; आज फिरतो म्हणून त्याच्या गाडीची नोंद होत नाही.

नोंद नाही, तेथे विमा नाही. आणि खरा घात येथे आहे. तृतीय पक्षाचा विमा ही मालकाची चैन नव्हे. रस्त्यावरच्या परक्या माणसासाठी सर्व वाहनधारकांनी मिळून ठेवलेली ती गंगाजळी आहे. बिनविम्याच्या टेम्पोखाली तिसगावचा एखादा शेतकरी सापडला, तर त्याच्या विधवेला न्यायाधिकरण भरपाई मंजूर करील. वसूल काय करणार, पालातली भांडी? म्हणजे भटक्याला या व्यवस्थेबाहेर ठेवून गावकऱ्याचेही रक्षण होत नाही. ‘कायदा सर्वांना समान’ असे म्हणत बिनविम्याच्या गाड्या जप्त करा, असा गजर करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. १९६ व्या कलमाखाली पहिल्या गुन्ह्याला दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. दंड भरल्याने गाडीचा विमा उतरत नाही, आणि दंड भरून गाडी पुन्हा तशीच रस्त्यावर येते.

दरही पाहण्यासारखे आहेत. २०२२ च्या दरपत्रकानुसार हजार सी.सी.पर्यंतच्या खासगी मोटारीचा तृतीय पक्ष विमा वर्षाला २,०९४ रुपये. मालवाहू चारचाकीचा, एकूण वजन साडेसात टनांपर्यंत असल्यास, १६,०४९ रुपये. छोटा हत्ती दीड-दोन टनांचा असला तरी याच रकान्यात बसतो. भाड्याचा माल दिवसरात्र वाहणाऱ्या गाडीला अधिक हप्ता, हे न्यायाचेच आहे. पण पालवाल्याच्या गाडीत भाड्याचा माल नसतो; चूल, गोधड्या, कोंबड्या आणि मुले असतात. कायद्याला तिसरा प्रकार ठाऊक नाही: एक तर ती खासगी मोटार, नाही तर व्यापाऱ्याची मालगाडी. फिरते घर ही कल्पना दरपत्रक करणाऱ्यांच्या डोक्यात आलीच नाही. येईल कशी?

आणि समजा, हे सोळा हजार उभे केले, अगदी उसने काढून केले, तरी मागे बसलेल्या बायकामुलांचे काय? मालवाहू वाहनातून जाणाऱ्या फुकट प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात ठरवून दिले आहे. संरक्षण मालाच्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला. पुढच्या निर्णयांनी तोही केबिनमध्ये बसलेला असावा अशी अट आली. भटक्यांचे टेम्पो उलटतात तेव्हा माणसे हौद्यात असतात. पाथर्डी-शेवगावकडून दर हिवाळ्यात ट्रक-ट्रॅक्टरांत भरून जाणाऱ्या ऊसतोड कामगारांची गत काही वेगळी नाही. हप्ता पुरा भरावा आणि मेल्यावर ‘फुकटे’ ठरावे, असा हा विमा आहे.

पत्त्याशिवाय राज्यकारभार चालणार कसा, असा सवाल सनदी अधिकारी करतात. चालतो, असे सरकारनेच २०२१ साली सिद्ध केले. त्या वर्षी ‘भारत मालिका’ म्हणून बी. एच. अक्षरांचे क्रमांक सुरू झाले. ते कोणासाठी? संरक्षण दलांतील लोक, केंद्र व राज्य सरकारांचे आणि सार्वजनिक उपक्रमांचे कर्मचारी, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे नोकरदार यांच्यासाठी. बदली झाली की नवी नोंदणी, नवा कर, ही दगदग त्यांना सोसेना. सरकारला त्यांची कणव आली, नियम बदलले, कर दोन-दोन वर्षांचा भरण्याची सोय झाली, कंपनीच्या प्रमाणपत्रावर पात्रता ठरू लागली. चांगलेच झाले. पण मग बदली चार वर्षांनी होते त्याचे फिरणे सरकारला दिसते आणि दर अमावास्येला मुक्काम हलवणाऱ्याचे दिसत नाही, हा दृष्टिदोष कशाचा? कंपनीच्या व्यवस्थापकाची सही चालते, तर ज्या गावच्या माळावर तीस वर्षे पाले पडत आली त्या गावच्या ग्रामसेवकाची का चालू नये?

‘आधी स्थायिक व्हा, मग कागद मिळतील’, हा दुसरा उपदेश. यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना २०११ पासून कागदावर आहे. तिच्यासाठी जागा मागितली की गावोगाव ठराव विरोधात होतात. रेणके आयोगाने २००८ साली अहवाल दिला, इदाते आयोगाने त्यानंतर. अहवालांना मात्र कपाटाचा कायमचा पत्ता मिळाला आहे. वाहन चालवण्याच्या परवान्याचीही हीच कथा: मालवाहू गाडीच्या परवान्यासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ पर्यंत होती. ज्यांच्या मुलांना शाळेने हजेरीपटावर टिकवून धरले नाही, त्यांना ती अट घालण्यात सरकारला वावगे वाटले नव्हते. ती निघाली तेव्हा आभाळ काही कोसळले नाही.

उपाय दूर शोधायला नकोत. बेघर माणसाचे नाव मतदारयादीत घालताना निवडणूक आयोग घराचा कागद मागत नाही. केंद्रस्तरीय अधिकारी रात्री त्या जागी जाऊन तो माणूस खरोखरच तेथे झोपतो की नाही, ते पाहतो. मत देण्यास जो पत्ता पुरतो, तो मोटारसायकलीस पुरू नये, हे कोणत्या तर्काने? फ्रान्सने १९६९ च्या कायद्याने आपल्या भटक्यांवर प्रवासाची पुस्तके लादली होती. २०१२ साली तेथील घटना परिषदेने त्यांतली सर्वांत जाचक तरतूद मोडीत काढली आणि २०१७ साली उरलेलीही गेली. स्थिर निवास नसलेल्यांना तेथे नगरपालिकेच्या समाजकल्याण केंद्राचा पत्ता स्वतःचा म्हणून लावता येतो. आपल्याकडेही केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांच्या चौथ्या नियमात, पुरावा देणे शक्य नसल्यास शपथपत्र स्वीकारण्याची मुभा मुळात ठेवलेलीच होती. मेख अशी की ती अधिकाऱ्याची मुभा होती, अर्जदाराचा हक्क नव्हे.

ती हक्क करावी. भटक्या-विमुक्तांच्या दाखल्यावर आणि शपथपत्रावर, समाजकल्याण कार्यालयाचा किंवा ग्रामपंचायतीचा पत्ता लावून गाडी नावावर व्हावी. कोऱ्या फॉर्मांवर फिरणाऱ्या जुन्या गाड्यांसाठी एकवार दंडमाफी द्यावी. कुटुंबाचे बिऱ्हाड वाहणाऱ्या लहान गाडीचा वेगळा विमावर्ग करून हौद्यातल्या माणसांना त्यात धरावे, आणि हप्ता वर्षाच्या आरंभी एकरकमी न घेता हंगामाप्रमाणे तीन-चार वेळा घ्यावा. हे सारे करण्यासाठी भटक्यांनी नगर आणि श्रीरामपूरच्या परिवहन कार्यालयांचे उंबरे झिजवण्याचे कारण नाही. होळी ते पाडवा सारे मढीला येतातच. परिवहन अधिकाऱ्यांनी आणि सरकारी विमा कंपन्यांनी पुढच्या रंगपंचमीला तेथे पंधरा दिवस टेबल मांडून बसावे. गाढवांच्या बाजाराची जागा आता बरीच मोकळी असते.