मागोवा : अस्सकांचे पुढे काय झाले?

देवणीच्या एका वाचकभगिनीने पोस्टकार्ड टाकले आहे. आठवीतल्या मुलाने त्यांना विचारले, "बुद्ध तर तिकडचे, बिहारकडचे. तेव्हा आपल्याकडे कोणी होते की नाही?"

होते ताई, होते! अस्सक नावाचे लोक होते. संस्कृतात त्यांना अश्मक म्हणतात. अंगुत्तर निकायातील सोळा महाजनपदांत विंध्याच्या दक्षिणेचे हे एकटेच. त्यांची राजधानी पोतन. बहुतेक अभ्यासक आजचे बोधन ते हेच मानतात. उदगीर, देगलूर करीत मांजरा ओलांडली की बोधन. आज ते तेलंगणात आहे, एवढेच.

सुत्तनिपातात याच मुलखाची हकिकत आहे. गोदावरीकाठी बावरी नावाचा म्हातारा ब्राह्मण राहत होता. एकाने त्याच्याकडे पाचशे नाणी मागितली. ती नव्हती, म्हणून त्याने शाप दिला की सातव्या दिवशी तुझ्या डोक्याची सात शकले होतील. भीतीने बावरीचे अन्न सुटले. अखेर त्याने सोळा शिष्य तथागतांकडे धाडले. पैठण, उज्जैन, विदिशा, कोसंबी, श्रावस्ती, वैशाली, सगळे पायी! आपली तर एसटीने नांदेड गाठताना कंबर मोडते. तथागतांनी शापाची भीती काढली. फोडायचे ते अज्ञानाचे डोके, आणि ते विद्येने, असे समजावले. त्या सोळांत पिंगिय होता. थकलेला, डोळ्यांनी अधू, कानांनी मंद. तोच परत गोदावरीला आला आणि बावरीला सारे सांगितले.

मग हे अस्सक गेले कुठे? नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, पुळुमावीच्या 19 व्या राज्यवर्षातला. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी कोणकोणत्या मुलखांचा राजा होता, ते तिने कोरविले आहे. त्यात असिक, असक, मुळक अशी नावे ओळीने येतात. म्हणजे तोवर अस्सकांचे राज्य सातवाहनांत विरून नुसता एक प्रांत उरला होता. तिबेटात सातव्या शतकात झांगझुंगचे असेच झाले.

राज्य गेले म्हणून माणसे गेली नाहीत. नांगर तोच, नदी तीच, सारा वसूल करणारा तेवढा बदलला.

आणि ताई, ते लेणे बलश्रीने भिक्खूसंघाला दान दिलेले आहे. म्हणूनच ते नाव भिंतीवर टिकले. नाशिकला जाणे झाले तर तीन नंबरच्या लेण्यात मुलाला जरूर न्या. अक्षरे ब्राह्मी आहेत, त्याला आधीच थोडी शिकवून ठेवा.