आढे किती उंच घ्यावे?

वैशाख लागला की घर शाकारायची घाई होते. फुटकी कौले बदलता, रिपा ठोकून घेता. तरी मृगाच्या सरीला तीच जागा गळते आणि कणगीवर घोंगडे टाकायची पाळी येते. तुमच्याकडे असे होत असेल, तर कौलांना बोल लावण्याआधी पाख्याचा उतार मोजून बघा.

त्यासाठी छपरावर चढू नका. घरातूनच शिडीवर उभे राहून मोजता येते. बारा इंचांची सरळ पट्टी घ्या. तिचे वळचणीकडचे टोक वाशाला खालून टेकवा. गवंड्याकडून पाणसळ मागून आणा, ती पट्टीवर ठेवून पट्टी आडवी सपाट करा. आता आढ्याकडच्या टोकापासून सरळ वर वासा किती इंचांवर आहे ते मोजा. तेवढा फुटामागे उतार. वासे वाकडे असतात, म्हणून तीन-चार ठिकाणी मोजा.

मंगलोरी कौलाला फुटामागे सहा इंच तरी हवेत. कोकणात, घाटमाथ्यावर आठ बरे. गवताच्या छपराला फुटास फूट लागतो. नालीदार पत्र्याला सांधे थोडे, त्याचे अडीच इंचांत भागते. उतार कमी पडला की पाणी रेंगाळते, आणि वारा ते उलटे कौलाच्या सांध्यात ढकलतो. मग कौल नवे असो की जुने.

नवे घर बांधताना ‘लाकूड वाचते’ म्हणून आढे खाली घ्यायचा सल्ला मिळतो. किती वाचते? हिशेब घरातल्या शाळकरी मुलीला घालू द्या, काटकोन त्रिकोणाचा नियम तिला येतो. समजा, भिंतीपासून भिंत सोळा फूट, आढे मधोमध. म्हणजे एका बाजूला आठ फूट. फुटामागे सहा इंच धरले तर आढे भिंतीच्या माथ्यापासून चार फूट उंच. आठ आठे चौसष्ट, चार चोक सोळा, मिळून ऐंशी. कोणत्या आकड्याला त्याच आकड्याने गुणले की ऐंशी येतात? नऊला थोडा कमी. वासा भरतो आठ फूट अकरा इंच. वळचणीबाहेर जाणारी लांबी वेगळी. आढे चारऐवजी तीनच फूट घेतले, तर वासा आठ फूट साडेसहा इंच. वाशामागे वाचले पाचेक इंच लाकूड, आणि उतार उरला फुटामागे साडेचार इंच! पाच इंच लाकडापायी दरसाल दाणे भिजवायचे का, ते सुताराला होकार देण्याआधी घरात सर्वांनी बसून ठरवा.

जुन्या घराचा उतार कमी निघाला आणि आढे उचलणे यंदा झेपत नसेल, तर कौले उतरवाल तेव्हा वाशांवर, रिपांच्या खाली प्लास्टिकचा जाड कागद अंथरा. वरचा पट्टा खालच्या पट्ट्यावर वीतभर चढू द्या. खालचे टोक मात्र वळचणीच्या बाहेर काढा, नाहीतर सगळे पाणी भिंतीत मुरेल.